चौथा ठोका

दत्तूभाऊ मढवी कारखान्यात लागले त्याच आठवड्यात त्यांनी रिॲक्टरमध्ये भरायचं मीठ जिभेवर ठेवून पाहिलं. ही १९७८ सालची गोष्ट. मी तेव्हा तिथं नव्हतो, पण ती इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली आहे की आता मला स्वतः पाहिल्यासारखी वाटते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याजवळ आमचा कारखाना उभा राहत होता. एके दिवशी ट्रकभर गोण्या आल्या. यात काय आहे असं कुणीतरी विचारलं, तर फोरमन म्हणाला, मीठ. दत्तूभाऊंच्या घरच्या तीन पिढ्या ऐरोलीच्या मिठागरात राबलेल्या. त्यांनी गोणीच्या शिवणीतून बोट घातलं, चिमूटभर पांढरी पूड काढून जिभेला लावली आणि थुंकून म्हणाले, "याला कोन मीठ म्हनंल? मालकाला फसवलाय कोनीतरी."

त्यांना तांब्याभर पाणी पाजून प्रथमोपचाराच्या खोलीत दोन तास बसवून ठेवलं. ते मीठ खायचं नव्हतंच. खताच्या जातीचा तो क्षार, वितळवून रिॲक्टरच्या पोटात फिरवायचा होता. पण दत्तूभाऊ त्या खोलीत बसूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की माल परत पाठवा.

मिठागर आणि त्याच्या लगतचा भाताचा तुकडा नव्या शहरासाठी गेला होता आणि त्याच्या बदल्यात त्यांना ही नोकरी मिळाली होती. गावात त्यांची थट्टा होई की दत्तू एका मिठातून उठला आणि दुसऱ्या मिठात बसला. त्यावर ते म्हणत, हे मीठ बरं, याला पाऊस लागत नाही.

माणूस उंचीनं जेमतेम पाच फूट दोन इंच. पण हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी, घाईत बदलून आलेले वाटायचे. स्टोअरमधला सगळ्यात मोठा चामडी हातमोजा त्यांच्या पंजावर अर्ध्यातच अडकायचा. शेवटी त्यांनी अंगठ्याची शिवण उसवून घेतली आणि सेफ्टी ऑफिसरनं दर महिन्याच्या अहवालात त्या उसवलेल्या शिवणीची नोंद करायला सुरुवात केली. कँटीनमध्ये माशा फार, तर दत्तूभाऊ एक पंजा थाळीवर उपडा धरून दुसऱ्या हातानं जेवायचे. थाळी पूर्ण झाकली जायची.

रिॲक्टरबद्दल थोडं सांगायला हवं. पोलादाचा एक उभा हंडा, तीन मजली घराएवढा. त्याच्या आत अंगठ्याएवढ्या जाडीच्या अडीच हजारांवर नळ्या उभ्या लावलेल्या. नळ्यांत कॅटॅलिस्टच्या गोळ्या भरलेल्या, शेंगदाण्याएवढ्या. कपड्यांत ठेवतात त्या डांबराच्या गोळ्यांचा जो कच्चा माल, त्याची वाफ हवेत मिसळून वरून नळ्यांत सोडायची. गोळ्यांपाशी ती अर्धवट जळते आणि खाली रंगाच्या कारखान्यांना लागणारी पांढरी पावडर मिळते. जळताना उष्णता निघते, ती नळ्यांभोवती फिरणारं वितळलेलं मीठ उचलून नेतं. सगळा खेळ एवढाच. वाफ जास्त झाली किंवा मीठ कमी पडलं तर नळ्या तापत जातात, आणि एकदा तापायला लागल्या की थांबत नाहीत.

या नळ्या सगळीकडे सारख्या तापत नाहीत. वरून थोडं खाली एक जागा असते, तिथं ताप सगळ्यात जास्त. आम्ही तिला नुसतं 'गरम जागा' म्हणायचो. ती आपल्या ठिकाणी असली की सगळं ठीक. ती खाली सरकायला लागली, तर समजायचं की वरच्या गोळ्या मेल्या, आता कारखाना बंद करून अडीच हजार नळ्या हातानं रिकाम्या करा आणि पुन्हा भरा.

गरम जागा शोधायचं काम दत्तूभाऊंचं. रोज सकाळी नऊ वाजता ते चार जिने चढून रिॲक्टरच्या डोक्यावर जायचे. तिथं एका नळीत तापमान सांगणारी लांब बारीक सळई होती. ती एकेक टप्पा खाली ढकलायची, खाली काटा स्थिर होईल इतका वेळ थांबायचं, मग पान्यानं कठड्यावर एक ठोका द्यायचा. खाली कंट्रोल रूममध्ये झहूर ठोका ऐकून पॅनेलवरचं तापमान लिहून घ्यायचा. रजिस्टरच्या पानावर रकाने छापलेलेच होते, वीस सेंटीमीटर, चाळीस, साठ, ऐंशी, असे. पहिला ठोका वीसमध्ये, दुसरा चाळीसमध्ये. सगळ्यात मोठा आकडा कायम चौथ्या ठोक्याला यायचा. रविवारी दत्तूभाऊंची सुट्टी. त्या दिवशी झहूर स्वतः वर न जाता रकान्यांतून 'वरीलप्रमाणे' लिहायचा आणि म्हणायचा, दत्तूशेट नाही म्हणून रिॲक्टरनेपण सुट्टी घेतली असेल.

झहूर पनवेलकडचा, माझ्याच वयाचा. तो दत्तूभाऊंना दत्तूशेट म्हणायचा आणि दत्तूभाऊ त्याला खुर्चीवाला. चार जिने एकानं चढायचे आणि दुसऱ्यानं बसून लिहायचं, यावरून त्यांची आठ वर्षं रोज बोलाचाली व्हायची. दोघांपैकी एक रजेवर असला की दुसरा दिवसभर गप्प असे.

मी १९८० साली मिरजेहून आलो. नवा केमिकल इंजिनियर, आणि माझ्याकडे काम दिलं होतं रिॲक्टरचं गणित मांडायचं. नळीचे शंभर तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्यात किती वाफ जळली, किती उष्णता निघाली, त्यातली किती मिठानं नेली, हे एकामागून एक सोडवत खाली यायचं. त्यासाठी मी भोकं पाडून आज्ञा नोंदवलेल्या पंच कार्डांचे गठ्ठे पिशवीत घालून पवईला संगणकावर न्यायचो. एकदा कळव्याच्या स्टॉपवर पिशवी फाटली आणि साडेचारशे कार्डं रस्त्यावर पसरली. ती उचलायला बसमधली सगळी माणसं उतरली होती, पण क्रम कुणाला ठाऊक असणार.

अखेर उत्तर आलं. गणिताप्रमाणे गरम जागा ब्याण्णव सेंटीमीटरवर असायला हवी होती. रजिस्टरात ती रोज ऐंशीवर होती. मी दोन महिने माझी चूक शोधली. सापडली नाही. चूक नाही असंही वाटेना, कारण माझ्या हातून चूक झाली नसेल असं मला सहसा वाटत नाही.

शेवटी मी दत्तूभाऊंपाशी बोललो. ते कठड्याला टेकून विडी न पेटवता तोंडात धरून उभे होते. पेटवायला बंदी होती, तोंडात धरायला नव्हती.

"कागद काय म्हनतो?" त्यांनी विचारलं.

"ब्याण्णव."

"आनि सलई?"

"ऐंशी."

"मंग कागद फारा," ते म्हणाले. "सलईवर मी असतो. कागदावर कोन असतो?"

मी कागद फाडला. म्हणजे खरोखरच फाडला. मग ब्याण्णवाला ऐंशीनं भागलं, एक पूर्णांक पंधरा शतांश आलं, आणि त्या आकड्यानं माझी सगळी लांबी भागून टाकली. गणित आणि रजिस्टर तंतोतंत जुळलं. आकड्याला मी 'प्रवाह-सुधार गुणक' असं भारदस्त नाव दिलं आणि मुंबईला एका परिषदेत त्यावर वीस मिनिटं बोललो. दोघांनी येऊन अभिनंदन केलं. तो गुणक कुठून आला हे कुणी विचारलं नाही म्हणून मी खूश होतो.

अशी सहा वर्षं गेली. १९८६ च्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सगळ्यात मोठा आकडा चौथ्या ठोक्याला आला नाही, पाचव्याला आला. ऐंशीवरची गरम जागा शंभरावर गेली होती. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

भोपाळला जे घडलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात आकडा हलला की माणसं हलायची. आमचे वर्क्स मॅनेजर रावसाहेब शितोळे, बारामतीकडचे, शिस्तीचे. त्यांनी हिशेब मांडला तो सरळ होता. शनिवारी आकडा ठीक होता. शनिवारी दुपारी तासभर वाफेचा व्हॉल्व्ह दत्तूभाऊंच्या हाती होता. सोमवारी वरच्या गोळ्या मेलेल्या. म्हणजे त्या तासात वाफ जास्त सुटली आणि यानं ती लपवली. गुरुवारी दत्तूभाऊंच्या हातात मेमो पडला. कामावरून काढून का टाकू नये, याचा सोमवारपर्यंत खुलासा द्या. सोमवारच्याच बैठकीत कारखाना बंद करून गोळ्या बदलायचंही ठरणार होतं.

मेमो इंग्रजीत होता. तो वाचून घ्यायला दत्तूभाऊ माझ्याकडे आले. उजव्या अंगठ्याला हळद लावून एवढी मोठी चिंधी गुंडाळली होती की अंगठा लहान नारळासारखा दिसत होता. रविवारी खाडीत जाळं ओढताना शिंगाळ्याचा काटा घुसला होता. त्या माशाचा काटा विषारी, आठ आठ दिवस सूज उतरत नाही. झहूर सोमवारपासून सांगत सुटला होता की दत्तूशेटनं मासा पकडला नाही, माशानं दत्तूशेटला पकडलं.

मी मेमोचा अर्थ सांगितला. शनिवारी काय केलं होतं ते विचारलं. नेहमीसारखंच, ते म्हणाले. व्हॉल्व्हला खूण आहे, खुणेच्या पुढे कधी नेला नाही. मग बराच वेळ ते कागदाकडे पाहत राहिले. न वाचता येणाऱ्या कागदाकडे एवढा वेळ पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"जमीन दिली तवा नोकरी मिलाली," ते म्हणाले. "आता नोकरी गेली तं जमीन परत देतील का?"

शितोळेसाहेबांनी मला गणितावरून अहवाल द्यायला सांगितलं होतं. शनिवारी किती वाफ जास्त सुटली असेल ते सांगा. मी शुक्रवार-शनिवार बसून पाहिलं. वाफ वाढवली, मीठ थंड केलं, गोळ्या एक चतुर्थांश मेल्या असं धरलं. काही केल्या गरम जागा एका दिवसात वीस सेंटीमीटर खाली जाईना. ती सरकते, पण महिन्याला बोटभर. मला वाटलं, पुन्हा माझंच चुकतंय. अहवालात काय लिहावं कळेना, म्हणून रविवारी सकाळी मी ऐरोलीला दत्तूभाऊंच्या घरी गेलो. शनिवारबद्दल पुन्हा एकदा विचारू, एवढाच बेत होता.

दत्तूभाऊ पडवीत जाळं पसरून बसले होते. त्यांच्या पत्नी चांगुणाबाई कोंबडीला हाकलत बाहेर आल्या आणि मला पाट दिला. त्या कारखान्याच्या माणसांना घाबरत नसत. एरवी त्या सांगत की आमच्या कपड्यांना कसर लागत नाही, नवरा कामावरून आला की त्याच्या वासानंच घर साफ होतं. आज त्यांचा राग जाळ्यावर होता.

जाळ्याला वर एक दोरी लागते आणि खाली एक. दोन्ही सारख्या लांबीच्या हव्यात. दत्तूभाऊंनी वरची मागच्या आठवड्यात कापली होती, खालची कालच. आता शेजारी शेजारी ठेवल्या तर खालची बरीच तोकडी.

"तीस इत ती, तीस इत ही," चांगुणाबाई मला म्हणाल्या. "मापलीन यानीच. आनि सहा इत कमी. नोकरीच्या काळजीन मानूस मोजायचा पन इसरला."

"मी नाय इसरलो," दत्तूभाऊ म्हणाले. "तीस मोजल्या."

मी वरची दोरी हातात घेतली होती. तीस वितींत सहा कमी, म्हणजे चोवीस. तिसाला चोवीस. शंभराला ऐंशी. गेले दोन दिवस मी दुसरा कुठला आकडाच पाहिला नव्हता, म्हणून माझ्याही ते ध्यानात आलं. मी दत्तूभाऊंच्या अंगठ्याकडे पाहिलं. चिंधीतला अंगठा बोटांपासून लांब जाऊच शकत नव्हता.

"दत्तूभाऊ, वर सळई कशानं मोजता?"

"इतीन."

"त्यावर दर वीस सेंटीमीटरला रंगाचे पट्टे होते ना?"

"ते कवाच जलाले. पहिल्याच वर्षी. फोरमन बोललेला, एक पट्टा म्हंजे एक इत. मंग मी इतीन मोजतो." माझा चेहरा पाहून ते थांबले. "लिवलंय ना बुकान. शेऱ्याचे खान्यात. तुमीच तं वाचता ते बुक रोज."

मी सहा वर्षं ती रजिस्टरं वाचत होतो. हजारो आकडे मी त्यातून माझ्या वहीत उतरवून घेतले होते. पानाच्या उजव्या कडेला 'शेरा' असा एक रकाना होता. तो मी एकदाही वाचला नव्हता.

चांगुणाबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी जेवलो, पण काय जेवलो ते निघताना सांगता आलं नसतं.

तिथून मी सरळ कारखान्यात गेलो आणि जुनी रजिस्टरं काढली. सापडायला वेळ लागला नाही. १९७९ चा मे महिना, उजवी कड, मोठ्या अक्षरात: 'पट्टे जलाले. नवीन पाहिजे. आजपासून वितीन मोजतो. द. मढवी.' जुलैमध्ये पुन्हा तेच. दिवाळीनंतर पुन्हा. मग त्यांनी लिहिणं सोडून दिलं होतं.

सोमवारी बैठक होती. शितोळेसाहेब, त्यांच्या बाजूला दोन खातेप्रमुख, समोर मी, आणि दाराशी उभे दत्तूभाऊ. झहूर रजिस्टरं घेऊन आला होता. मी दोन पानी अहवाल लिहून आणला होता, पण साहेबांनी विचारल्यावर मला त्यातलं एक वाक्य बोलता येईना. मी मेचं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग दत्तूभाऊंना बोलावलं आणि खणातून पोलादी फूटपट्टी काढली. दत्तूभाऊंचा उजवा अंगठा अजून चिंधीत होता, म्हणून त्यांनी डावा पंजा टेबलाच्या काचेवर पसरला. त्याखाली साहेबांचं कॅलेंडर आणि माझा अर्धा अहवाल झाकला गेला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत तेवीस सेंटीमीटर. मग चिंधीसकट उजवा. अठराच्या थोडं पुढे.

साहेबांनी ब्लॉटिंग पेपरवर स्वतःच हिशेब केला. चार वेळा तेवीस, ब्याण्णव. पाच वेळा अठरा पूर्णांक चार, तेही ब्याण्णव. गरम जागा कुठंच गेली नव्हती. ती सात वर्षं ब्याण्णववरच बसून होती.

मग त्यांनी खाली आणखी एक भागाकार केला. तेवीस भागिले वीस. त्यांचं पेन थांबलं.

"एक पूर्णांक पंधरा," ते म्हणाले. "हा तुमचा तो गुणक ना?"

मी मान हलवली.

"म्हणजे मुंबईला जाऊन तुम्ही वीस मिनिटं दत्तूच्या हातावर बोललात."

कुणी हसलं नाही. झहूर खोकला, पण तो खोकला खरा नसावा. साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि विचारलं, हा शेरा वाचण्याचं काम कुणाचं होतं. फोरमन केव्हाच नोकरी सोडून गेला होता. त्याचं नाव घेता आलं असतं, आणि ते पूर्ण खोटंही ठरलं नसतं. दत्तूभाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. ते स्वतःच्या पंजाकडे पाहत होते, जणू त्याला इथं कशाला आणलं असं विचारत होते.

"माझं," मी म्हणालो. "त्यांनी तीनदा लिहिलं. मी एकदाही वाचलं नाही."

मला वाटतं, बैठकीत मला थेट कुणी न विचारता मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. दुसरं कधी बोललो ते आठवत नाही.

दत्तूभाऊंचा मेमो त्याच दिवशी मागे घेतला. गोळ्या बदलायचं रद्द झालं. मंगळवारी तसाच एक मेमो मला मिळाला, मात्र तो वाचून दाखवायला कुणी लागलं नाही. माझी एक पगारवाढ रोखली गेली आणि शेऱ्याचा रकाना रोज वाचून त्याखाली सही करायचं काम माझ्याकडे आलं. ते मी नोकरी सोडेपर्यंत केलं. मी सही करतो हे कळल्यावर झहूर त्या रकान्यात 'आज कँटीनच्या उसळीत खडे' असंही लिहू लागला.

सळईवर आता रंग लावायचा नाही, खाचा पाडायच्या असं ठरलं. किती अंतरावर, यावर मात्र बराच खल झाला. वीसवर पाडल्या तर आधीची सात वर्षांची रजिस्टरं निरुपयोगी ठरत होती. शितोळेसाहेबांनी निर्णय दिला, तेवीस. रजिस्टराच्या छापील पानावरचे वीस, चाळीस, साठ खोडून तिथं एक, दोन, तीन, चार असे शिक्के मारले. एकक कुठलं ते लिहिलं नव्हतं. पण पुढे नवीन आलेली मुलंसुद्धा सहज सांगत की गरम जागा चार दत्तूवर आहे. १९८८ मध्ये ती खरोखर खाली सरकली तेव्हा पवईहून आलेल्या एका प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की दत्तू हे एकक कुठल्या पद्धतीतलं.

दत्तूभाऊंचा अंगठा बरा व्हायला आणखी आठवडा लागला. त्यानंतरच्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर वर गेलो. त्यांनी सळई खाचेखाचेनं खाली नेली, पण सवय जात नव्हती. प्रत्येक खाचेवर ते आधी वीत ठेवून पाहायचे आणि बरोबर आली की मान हलवायचे. चौथ्या ठोक्याला खालून झहूरनं पाइपावर उलटा एक ठोका दिला.

"तुमचा तो कागद," दत्तूभाऊ सळई वर ओढता ओढता म्हणाले. "ब्यान्नवचा. त्यो खरा व्हता तं मंग."

"हो."

"हाय ना जवल?"

"तुम्ही फाडायला सांगितला होता. मी फाडला."

त्यांनी न पेटवलेली विडी तोंडातून काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मिठाची गोणी परत पाठवा म्हणताना त्यांचा चेहरा असाच दिसला असेल.

"साहेब," ते म्हणाले, "मी चौथी शिकलेला मानूस. मी फार म्हनलं आनि तुमी फारला?"